क्लॉडिया म्हणजे लंगडी, सेसिलिया म्हणजे आंधळी? लॅटिन मुलींच्या नावांबद्दल

ऱ्हाईनकाठी

इथे कोलोनमध्ये आमच्या ओळखीत एक जोडपं आहे. तो सोलापूरचा, ती इथलीच. त्यांना मुलगी झालीय आणि नावाचा घोळ चाललाय. अट एकच, सोलापूरच्या आजींना आणि इथल्या ओमाला, म्हणजे जर्मन आजीला, दोघींनाही ते नाव न अडखळता घेता यावं. गाळत गाळत यादीत ज्युलिया, क्लॉडिया, लिव्हिया, ऑरेलिया, सेसिलिया अशी सगळी आकारान्त लॅटिन मंडळी उरली. मग कुणीतरी बाळांच्या नावांच्या साइट्स उघडल्या आणि गोंधळात भर पडली. क्लॉडिया : लंगडी. सेसिलिया : आंधळी. ऑक्टेव्हिया : आठवी. आजींनी फोनवर सरळ विचारलं, "पोरीचं नाव लंगडी ठेवणार काय रे?"

या साइट्सवर माझा जुना राग आहे, म्हणून हा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावीच.

मुळात रोमन प्रजासत्ताकाच्या काळात बाईला आपण ज्याला नाव म्हणतो तसं नाव बहुधा नसायचंच. पुरुषाला तीन भाग असत. गायस ज्युलियस सीझर यातलं गायस हे स्वतःचं, ज्युलियस हे कुळाचं आणि सीझर हे त्या कुळातल्या शाखेचं. मुलीला मिळायचं ते फक्त कुळाचं नाव, स्त्रीलिंगी करून. ज्युलियसांची ती ज्युलिया, कॉर्नेलियसांची कॉर्नेलिया, टुलियसांची टुलिया. म्हणजे क्लॉडिया हा ‘लंगडी’ असा शब्द नसून ‘क्लॉडियसांच्या घरची’ असा पत्ता आहे. आपल्याकडे आंधळे, लंगडे, बहिरट, टकले अशी आडनावं आहेत. आंधळ्यांच्या मुलीला कुणी आंधळी म्हणतं का? तसंच हे.

बरं, ‘क्लाउडुस’ म्हणजे लंगडा हे खरं, पण खुद्द क्लॉडियस घराणं आपला मूळपुरुष सांगायचं तो सबाइन जमातीतला अट्टुस क्लाउसुस नावाचा सरदार. तो रोममध्ये येऊन स्थायिक झाला आणि नावाचं लॅटिन वळण क्लॉडियस झालं, अशी त्यांची कुळकथा. सेसिलियाचंही तेच. ‘काएकुस’ म्हणजे आंधळा, पण काएकिलियस घराण्याची मंडळी आपला वंश थेट प्राएनेस्टे गावाच्या संस्थापकापर्यंत, अग्निदेव व्हल्कनचा मुलगा काएकुलुस याच्यापर्यंत नेत. गंमत म्हणजे पुढे याच क्लॉडियस कुळात सम्राट क्लॉडियस झाला आणि तो खरोखरच पाय ओढत चालायचा. निव्वळ योगायोग.

आता अडचण बघा. घरात दोन मुली झाल्या तर? दोघींचं नाव एकच. सीझरला दोन बहिणी, दोघी ज्युलिया. आत्या ज्युलिया. मुलगी ज्युलिया. मग थोरली ती ‘मायोर’ आणि धाकटी ती ‘मिनोर’. मार्क अँटनी आणि ऑक्टेव्हिया यांच्या मुली इतिहासात अँटोनिया मायोर आणि अँटोनिया मिनोर अशाच नोंदल्यात. मुली जास्त असल्या की प्रिमा, सेकुंडा, टेर्टिया, म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी. ऑक्टेव्हिया मात्र या मोजणीतली नव्हे. ऑक्टेव्हियस हे कुळाचं नाव, त्याच्या मुळाशी ‘आठवा’ आहे इतकंच. ऑगस्टसची बहीण ऑक्टेव्हिया काही आठवी लेक नव्हती.

साम्राज्याच्या काळात हे बदलत गेलं. घराण्याच्या शाखेचं किंवा आजोबा-पणजीचं नावही मुलीला मिळू लागलं, आणि त्याला -इला, -इना असे लाडाचे किंवा नात्याचे प्रत्यय लागू लागले. द्रुसुसवरून द्रुसिला, अग्रिपावरून अग्रिपिना, लिव्हियावरून लिव्हिला. सम्राट कॅलिग्युलाच्या तीन बहिणी कुळाने तिघीही ज्युलियाच, पण ओळखल्या जात त्या अग्रिपिना, द्रुसिला आणि लिव्हिला म्हणून. इ.स. ३७-३८ च्या सुमाराचं कॅलिग्युलाचं एक मोठं पितळी नाणं आहे. त्याच्या पाठीवर या तिघी शेजारी शेजारी उभ्या आहेत, सुरक्षा, एकोपा आणि भाग्य या तीन देवतांच्या रूपात, आणि कडेला तिघींची नावं : अग्रिपिना, द्रुसिला, ज्युलिया. तिसरीच्या वाट्याला नाण्यावरही कुळाचंच नाव आलं!

यातली अग्रिपिना आमच्या गावची. इ.स. १५ मध्ये ती इथे ऱ्हाईनकाठच्या छावणीत जन्मली. पुढे सम्राट क्लॉडियसशी लग्न झाल्यावर इ.स. ५० मध्ये तिने आपल्या जन्मगावाला रोमन वसाहतीचा दर्जा मिळवून दिला. वसाहतीला तेव्हा मिळालेल्या लांबलचक नावातला ‘कोलोनिया’ (वसाहत) तेवढा शिल्लक राहिला, तेच आजचं कोलोन. लहानपणी ताप आला की कपाळावर ज्याच्या घड्या ठेवत, ते कोलनवॉटर इथलंच.

उंबरठा

आडनावांचा मुद्दा एकदम पटला. आमच्या शाळेत एक टकले बाई होत्या, केस गुडघ्यापर्यंत. :)

एक प्रश्न. लग्न झाल्यावर काय? नवऱ्याच्या कुळाचं नाव लागायचं का? आपल्याकडे आडनावच काय, तांदळात बोटाने लिहून पहिलं नावसुद्धा बदलायचे.

ऱ्हाईनकाठी

@उंबरठा, नाही लागायचं. स्किपियो आफ्रिकानुसची मुलगी कॉर्नेलिया टायबेरियस सेम्प्रोनियस ग्राकुसच्या घरी गेली आणि मरेपर्यंत कॉर्नेलियाच राहिली. तिची मुलगी मात्र सेम्प्रोनिया. म्हणजे जेवणाच्या एकाच पंगतीत आईचं कुळ वेगळं आणि लेकीचं वेगळं. नाव बापाचं, ते मरेपर्यंत बापाचंच. याला कुणी स्त्रीस्वातंत्र्य म्हणू नये. बाई कोणत्या घरची, हे विसरलं जाऊ नये एवढाच त्यामागचा हिशोब.

रात्रपाळी

धागा आवडला पण एक खटकलं. मुलींना नुसते नंबर? आपल्याकडे ‘नकोशी’ नाव ठेवायचे त्याचीच आठवण झाली. २०११ मध्ये साताऱ्यात अशा मुलींची नावं समारंभ करून बदलली होती. रोमन लोकांना मुली नकोशाच असणार. नाहीतर स्वतःच्या पोरीला ‘तिसरी’ कोण म्हणतं?

शिळाप्रेस

@रात्रपाळी, तुलना थोडी ताणली जातेय असं वाटतं. नंबर मुलग्यांनाही होते. क्विंटस म्हणजे पाचवा, सेक्स्टस म्हणजे सहावा, डेसिमस म्हणजे दहावा, आणि ही मोठ्या घराण्यातल्या पुरुषांची नावं. ‘नकोशी’मध्ये तिरस्कार नावातच आहे. ‘टेर्टिया’त नुसता क्रम आहे. मुलींना कमी लेखत होते हे खरंच, पण त्याचा पुरावा नंबरांत शोधू नका. मुलग्याला घराबाहेर वावरण्यासाठी स्वतःचं नाव दिलं आणि मुलीला ते लागेल असं वाटलंच नाही, पुरावा तिथे आहे.

आणि टेर्टियाबद्दल सांगायचं तर सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसची सावत्र बहीण आणि कॅसियसची बायको, ती युनिया टेर्टिया. घरात तिला टेर्टुला म्हणत, आपल्या ‘धाकटुली’च्या चालीवर. सीझरच्या खुनानंतर नवरा आणि भाऊ फिलिपीच्या लढाईत गेले आणि ही त्यानंतर ६० हून अधिक वर्षं जगली. इ.स. २२ मध्ये वारली तेव्हा अंत्ययात्रेत वीस थोर घराण्यांच्या पूर्वजांचे मुखवटे मिरवले गेले. ब्रूटस आणि कॅसियस यांचे ठेवले नव्हते. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की नेमके दिसत नव्हते म्हणून तेच दोघे सगळ्यांत जास्त डोळ्यांत भरले. त्या ‘तिसरी’ला घाबरण्याइतकी पत होती.

रोमन वक्ता सिसेरो याची मुलगी टुलिया, तिला तो पत्रांत टुलियोला म्हणतो. म्हणजे कागदोपत्री कुळाचं नाव आणि घरात लाडाचं, असा प्रकार होता. शिवाय फार जुन्या काळी बायकांना स्वतंत्र पहिली नावंही असत. केसांच्या नाहीतर कातडीच्या रंगावरून रुटिला, बुर्रा, म्हणजे साधारण तांबडी, अशी काही नावं रोमन लेखकांनी नोंदवून ठेवलीत. पुढे ती मागे पडली.

उंबरठा

आणि बारसं? ते होतं का?

शिळाप्रेस

होतं की. मुलीचं आठव्या दिवशी, मुलाचं नवव्या. शुद्धीचा दिवस म्हणत त्याला.

लग्नातलं एक सांगायचं राहिलं. नवरी म्हणायची, ‘जिथे तू गायस, तिथे मी गाया’. खरी नावं काहीही असोत, त्या क्षणी सगळ्या नवऱ्या गाया. तिथून ‘गाया’ म्हणजे ‘कुणी एक बाई’ असा अर्थ इतका रुळला की शिलालेखांत ‘एका बाईने मुक्त केलेला गुलाम’ लिहायचं असलं की गायसच्या खुणेचं अक्षर उलटं कोरत. सरळ सी म्हणजे गायस, उलटा सी म्हणजे बाई. हल्ली इटलीत मुलींचं गाया हे नाव भलतंच जोरात आहे. त्यांतल्या बऱ्याच आयांच्या मनात ग्रीक पृथ्वीदेवता असते, ती वेगळी.

मुक्त गुलामांवरून आठवलं. गुलाम सोडला की त्याला मालकाचं कुळनाव मिळे. त्यामुळे ज्युलिया आणि क्लॉडिया या नावांच्या हजारो बायका राजघराण्याच्या नव्हत्या, त्या सम्राटांनी किंवा त्यांच्या माणसांनी मुक्त केलेल्या दासी किंवा त्यांच्या मुली होत्या. गुलामीतलं नाव मागे जोडलेलं राही. कुणी क्लॉडिया फेलिकुला दिसली तर ‘फेलिकुला’वरून ती मुळात दासी असावी असा अंदाज बांधायचा.

रोममधल्या एका क्लॉडियाचा थडग्यावरचा लेख फार प्रसिद्ध आहे, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. वाटसरूला उद्देशून आहे. लॅटिनवरून माझं मराठी, गोड मानून घ्या :

"वाटसरा, सांगायचंय ते थोडकंच आहे, थांब आणि वाच. हे एका देखण्या बाईचं काही देखणं नसलेलं थडगं. आईबापांनी नाव ठेवलं क्लॉडिया. नवऱ्यावर तिने मनापासून प्रेम केलं. दोन मुलगे झाले. एक जमिनीवर ठेवून गेली, दुसरा जमिनीखाली. बोलणं गोड, चालणं डौलाचं. घर सांभाळलं, लोकर कातली. झालं सांगून. जा आता."

भार्गवास्त्र

अहो एवढा खटाटोप कशाला? सगळी नावं संस्कृतच आहेत. कॅमिला म्हणजे कमला. सिल्व्हिया म्हणजे शैलव्या, डोंगरातली. रेजिना म्हणजे राज्ञी. लॅटिन ही संस्कृतची लेक आहे हे पाश्चात्त्यांनी मुद्दाम लपवलं.

धातुपाठ

@भार्गवास्त्र, तिनातलं एक बरोबर आलं. :)

रेजिना आणि राज्ञी सख्ख्या आहेत, त्यात वाद नाही. पण सिल्व्हिया ‘सिल्वा’वरून, म्हणजे रान. रोमुलस-रेमसची आई रेया सिल्व्हिया. हिला वनजा म्हणा, शैलजा नको. ‘शैलव्या’ असा शब्द मी तरी कोशात पाहिलेला नाही. कॅमिला तर कमलेची कुणीच लागत नाही. पूजेत पुरोहिताला मदत करणारी कुलीन घरातली मुलं असत, त्यांना ‘कामिलुस’ आणि ‘कामिला’ म्हणत, आणि हा शब्द रोमनांनी बहुधा एट्रुस्कन शेजाऱ्यांकडून उचलला. व्हर्जिलच्या महाकाव्यातली वॉल्स्की जमातीची घोडेस्वार राजकन्या कॅमिला हिने ते नाव अजरामर केलं.

लॅटिन ही संस्कृतची लेक नाही, बहीण आहे. दोघींची आई तिसरीच. बहिणी मानलं की मजा उलट वाढते, कारण मग कोणतं साम्य खरं आणि कोणतं कानाला झालेला भास, हे तपासायला नियम मिळतात.

नमुना दाखवतो. संस्कृत ‘उषस्’ आणि लॅटिन ‘अरोरा’. ऐकायला काही साम्य नाही. पण लॅटिनमध्ये दोन स्वरांमध्ये आलेल्या ‘स’चा इ.स.पू. चौथ्या शतकापर्यंत ‘र’ झाला. तो र मागे फिरवला की अरोराचं जुनं रूप ‘औसोसा’ असं काहीतरी निघतं, आणि मग उषस् शेजारी येऊन बसते. म्हणजे अरोरा ही आपली उषाच. माटुंग्याच्या अरोरा थिएटरला लोक पंजाबी आडनाव समजायचे, तो भाग वेगळा.

आता ऑरेलिया. सीझरच्या आईचं नाव. साइट्स सांगतात ‘सोनेरी’, कारण ‘औरुम’ म्हणजे सोनं. पण फेस्टस नावाचा रोमन कोशकार सांगतो की हे घराणं सबाइन, पूर्वीचं नाव औसेली, सूर्यावरून पडलेलं. तिथेही पुन्हा तोच स आणि र. सोनं, सूर्य आणि पहाट हे शब्द मुळात एकाच घरचे असावेत असं बरेच अभ्यासक मानतात, त्यामुळे भांडायचं कारण नाही. मला विचाराल तर कोलोनच्या पोरीला ऑरेलियाच ठेवा. आजींना सांगा, उषाच आहे.

आणि हा नियम कुणी खोलीत बसून रचलेला नाही. रोमच्या आग्नेयेला सॅट्रिकम इथे १९७७ साली एक शिळा सापडली, साधारण इ.स.पू. ५०० ची. तिच्यावर ‘पोप्लिओसिओ वालेसिओसिओ’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे ‘पुब्लियस वालेरियसचे’. व्हॅलेरिया तेव्हा वालेसिया होती याचा हा दगडी पुरावा. आता त्या दोन शब्दांचा शेवट परत वाचा. ‘-ओसिओ’. संस्कृतातला षष्ठीचा प्रत्यय आठवा : देवस्य, रामस्य. तोच आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जागचा उठून येरझारा घातल्या होत्या.

भार्गवास्त्र

म्हणजे शेवटी संस्कृतच.

धातुपाठ

दंडवत.

तिरफळ

आमच्या गोव्याकडून थोडं. तुम्ही रोमन बायकांबद्दल बोलताय, पण ही नावं आमच्याकडे पोर्तुगिजांच्या बोटीतून आली, ती सगळी चर्चच्या लॅटिनमधली. त्यांत अर्थ अगदी ठसठशीत असतो. कोन्सेसांव, पिएदाद, दोलोरिस, पेर्पेतू. कोन्सेसांव म्हणजे मातेचा निष्कलंक गर्भसंभव, लॅटिन ‘कोन्सेप्सियो’. पणजीची पायऱ्या-पायऱ्यांची इगर्ज (चर्च) याच सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, आणि तिचं फेस्त (सण) ८ डिसेंबरला. त्या दिवसांत जन्मलेल्या पोराचं नाव काय ठेवायचं यावर घरात चर्चा होत नसे, नाव कॅलेंडरातूनच येई. आणि मुलगाच झाला तरी कोन्सेसांव चालायचं! पिएदाद म्हणजे लॅटिन ‘पिएतास’, दया-भक्ती. दिवाडी बेटावरच्या गावाचंही तेच नाव. दोलोरिस म्हणजे दुःखं, सात दुःखांच्या मातेची. अर्थ बघून नावं ठेवणाऱ्यांनी ही कधी निवडलीच नसती.

रोमन सेसिलिया आंधळी असेल नसेल, आमची सेसिलिया गाण्याची. संत सेसिलिया संगीताची, २२ नोव्हेंबरला तिचा दिवस. तिच्या कथेत लग्नाची वाद्यं वाजत असताना ती मनातल्या मनात देवासाठी गात होती असं येतं, तेवढ्यावरून व्हायोलिन-ऑर्गनवाल्या सगळ्यांची ती झाली. ज्या घरात व्हायोलिन त्या घरात एखादी सेसिलिया सापडणारच.

पाणवठा

वसईतून +१. सेसिलिया, रेजिना, मोनिका आमच्याकडे आळीआळीला. मोनिकाचा अर्थ ‘सल्ला देणारी’ असं धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितलं होतं, ते बरोबर आहे का?

शिळाप्रेस

@पाणवठा, तो अर्थ नंतर चिकटवलेला. ‘मोनेरे’ म्हणजे बजावणं, सल्ला देणं, त्याच्याशी जुळवलं. संत मोनिका, ऑगस्टीनची आई, आजच्या अल्जीरियातल्या थागास्टेची. नाव बहुधा तिकडच्या बर्बर भाषेतलं. म्हणजे सगळ्यांत लॅटिन वाटणारं नाव लॅटिन नसण्याचीच शक्यता जास्त. मुलाच्या मागे लागून लागून त्याला ख्रिस्ती केलं, त्यामुळे सल्ला देणारी हा अर्थ तिला शोभतो मात्र.

तिरफळ यांनी पेर्पेतूचा विषय काढलाच आहे तर, अर्थ बघून ठेवलेल्या नावांची खरी सुरुवात आफ्रिकेतल्या त्या काळापासून दिसते. कार्थेजला ७ मार्च २०३ रोजी दोन तरुण ख्रिस्ती बायकांना आखाड्यात मारलं. एक सुखवस्तू घरातली व्हिबिया पेर्पेतुआ, अंगावर पिणारं मूल असलेली. दुसरी फेलिसितास, गुलाम, तुरुंगातच बाळंत झालेली. पेर्पेतुआने तुरुंगात लिहिलेली रोजनिशी आजही वाचायला मिळते. दोघींची नावं नीट बघा. व्हिबिया हे रोमन पद्धतीचं कुळनाव, पेर्पेतुआ म्हणजे अखंड टिकणारी. फेलिसितास म्हणजे सौभाग्य, गुलामांना ठेवत असत तसलं शुभशकुनी नाव. ख्रिस्ती जगाने पुढे कुळनाव टाकून दिलं आणि अर्थवाली नावं उचलली.

त्याच मार्गाने रेनाता आली, पुन्हा जन्मलेली, बाप्तिस्म्याच्या अर्थाने. बिआट्रिस तर वेषांतर करून आली. मूळ ‘वियाट्रिक्स’, म्हणजे प्रवासिनी. तिच्यात ‘बेआतुस’ म्हणजे धन्य हा शब्द मिसळला आणि व चा ब झाला. नताली म्हणजे नाताळात जन्मलेली, आणि आपला नाताळ शब्दही पोर्तुगीज ‘नाताल’मार्गे त्याच लॅटिन ‘नातालिस’मधून आलाय. म्हणजे मराठीत एक लॅटिन नाव कधीपासून राहतंय, फक्त सणाच्या वेशात.

ऱ्हाईनकाठी

एवढी माहिती निघेल असं वाटलं नव्हतं. तिकडे सोलापूरला सगळा धागा पाठवलाय.

कोलोनचं आणखी एक नाव सांगायला हवं, उर्सुला. अर्थ छोटी अस्वलीण. दंतकथा अशी की राजकन्या उर्सुला ११,००० कुमारिकांसह इथे हुणांच्या हातून मारली गेली. शहराच्या चिन्हावर त्यांच्या आठवणीचे ११ थेंब आहेत. तिच्या नावाच्या चर्चमध्ये एक ‘सोन्याची खोली’ आहे. नाव ऐकून आत जावं तर छतापर्यंतच्या भिंती माणसांच्या हाडांनी नक्षी करून मढवलेल्या. ११ च्या ११,००० कशा झाल्या यावर बराच खल झालाय. एक तर्क असा की आकड्यापुढचं ‘एम’ हे ‘मार्टिर’ म्हणजे हुतात्मा यासाठी होतं, ते कुणीतरी हजार असं वाचलं. दुसरा त्याहून गमतीचा : ‘उंडेसिमिला’ अशा नावाची एकच मुलगी होती, अर्थ साधारण ‘अकरावी’, आणि तिच्या नावाचाच पुढे आकडा झाला.

धातुपाठ

उर्सुला म्हणजे संस्कृत ‘ऋक्ष’. जांबवंत तो ऋक्षराज. हीसुद्धा बहिणीकडची.

स्टेलाही घरातली. लॅटिन स्टेला, वेदातलं ‘स्तृभिः’ आणि आपली तारा एकाच मुळाच्या. सागरतारा या अर्थाने मेरीला ‘स्टेला मारिस’ म्हणतात, त्याबद्दल प्रसिद्ध गोष्ट आहे. संत जेरोमने मिरियम या हिब्रू नावाचा अर्थ ‘स्टिला मारिस’, समुद्राचा थेंब, असा दिला होता. नकलून घेणाऱ्या कुणाच्या हातून इ चा ए झाला आणि थेंबाचा तारा झाला. नंतर कुणालाच तो दुरुस्त करावासा वाटला नाही.

मिनर्व्हाचं जुनं रूप मेनेर्वा. तिला बहुतेक अभ्यासक ‘मनस्’शी जोडतात. बुद्धीची देवता असल्याने बसतंही छान.

रात्रपाळी

मिनर्व्हा, अरोरा... मुंबईची थिएटरं झाली मोजून. फ्लोरा राहिली. १८६४ पासून फाउंटनवर उभी आहे, फुलांची रोमन देवी. हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं असेल कोण जाणे. आणि व्हिक्टोरिया, म्हणजे विजया. आमच्या आजोबांना व्हिक्टोरिया म्हटलं की घोडागाडीच आठवायची, राणी नंतर.

शिळाप्रेस

त्या राणीचं पहिलं नाव अलेक्झांड्रिना होतं, रशियाचा झार अलेक्झांडर याच्यावरून. व्हिक्टोरिया हे दुसरं, तिच्या जर्मन आईचं. इंग्लंडात तेव्हा ते परकं वाटायचं. ती गादीवर बसली नसती तर बग्गीला आणि स्टेशनाला भलतंच नाव पडलं असतं.

म्हाळसा

उशिरा आले धाग्यावर. माझ्या भाचीचं नाव अमांडा आहे (वहिनी मंगळूरच्या). मिरांडाही त्याच जातीचं का? आणि आमच्याकडे एक व्हेरोनिका आहे, तिला ‘खरी प्रतिमा’ असा अर्थ सांगतात.

धातुपाठ

@म्हाळसा, अमांडा, मिरांडा एकाच साच्यातली. संस्कृतात ‘-अनीय’ लावून वंदनीय, दर्शनीय करतो, ते काम लॅटिनमध्ये ‘-अंदुस, -अंदा’ करतं. प्रत्यय नात्यातले नाहीत, काम सारखं. अमांडा म्हणजे प्रेम करावं अशी. मिरांडा म्हणजे जिच्याकडे थक्क होऊन बघावं अशी, आणि हे नाव शेक्सपिअरने ‘टेम्पेस्ट’साठी घडवलं. कुणाही रोमन बाईचं ते नव्हतं. नाटकात तिचा प्रियकर नाव ऐकल्या ऐकल्या त्याच अर्थावर कोटी करतो.

तिरफळ

आमचे मिरांडा मात्र आडनावाचे. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची बहीण-भाची समजू नका शेक्सपिअरच्या मिरांडाला.

धातुपाठ

हो, आडनाव पोर्तुगाल-स्पेनमधल्या मिरांडा नावाच्या गावांवरून आलेलं, देशपातळीवरच्या पुणेकर-नगरकरांसारखं.

व्हेरोनिकाचं : ‘वेरा इकोन’, खरी प्रतिमा, ही नंतरची जुळवाजुळव. येशूचा चेहरा उमटलेल्या रुमालाची कथा आणि नाव एकमेकांत गुंफले गेले. त्यातही वेरा लॅटिन आणि इकोन ग्रीक, असं धेडगुजरी. मूळ नाव बेरेनिके, मॅसेडोनियन ग्रीक, विजय आणणारी. त्यातला आणण्याचा धातू आणि संस्कृत ‘भृ’ एकच. म्हणजे अर्थाने ती व्हिक्टोरियाच्या जवळची निघाली.

नुसती व्हेरा असेल तर आधी कुठली ते विचारा. लॅटिनमधली म्हणजे खरी. रशियन असेल तर अर्थ श्रद्धा, आणि ती लॅटिनमधून गेलेली नाही. दोघी चुलतबहिणी आहेत.